घरी बांधलेल्या ॲक्रिलिक टाकीचा तोच सांधा पुन्हा पुन्हा पाझरतो: निदान आणि दुरुस्ती

घरी बांधलेल्या ॲक्रिलिकच्या, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या, मत्स्यटाकीविषयीची तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. टाकी जोडून झाली, पहिले काही दिवस पाणी व्यवस्थित राहिले, मग तळाच्या एखाद्या कोपऱ्यात ओल दिसू लागली. पाणी काढून त्या जागी सिलिकॉन भरले, काही आठवडे बरे गेले आणि पुन्हा त्याच जागी किंवा तिथून बोटभर अंतरावर पाझर सुरू झाला. मग सिलिकॉनचा दुसरा थर, त्यावर एखादे इपॉक्सी, आणि शेवटी टाकी गच्चीवर कुंड्यांच्या शेजारी. यातल्या बऱ्याच टाक्या वाचू शकल्या असत्या.

त्याच जागी परत येणारी गळती ही बुजवण्याची बाब नसते. एक तर तो सांधा तेवढ्या भागात मुळात जोडलाच गेलेला नसतो, किंवा नीट जोडलेला सांधा कोणते तरी बळ सतत उघडत असते. या दोन्ही दोषांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत, आणि कोणता दोष आहे हे ठरवल्याशिवाय केलेला कोणताही उपाय पुढची गळती फक्त लांबणीवर टाकतो. म्हणून आधी निदानाची पद्धत देतो, आणि दुरुस्तीकडे नंतर वळतो.

सिलिकॉन का टिकत नाही

काचेच्या टाकीत सिलिकॉन हाच सांधा असतो. काचेच्या पृष्ठभागाशी त्याचा रासायनिक बंध तयार होतो आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. ॲक्रिलिकवर सिलिकॉन केवळ चिकटून बसते. वाळलेल्या पट्टीचे टोक नखाने उचलून ओढले तर बहुधा ती सलग सोलून निघते. शिवाय ॲक्रिलिक तापमानानुसार काचेच्या सुमारे आठपट प्रसरण पावते. ९० सें.मी. लांबीच्या भिंतीत १५ अंश सेल्सिअसच्या फरकाने जवळजवळ एक मिलिमीटरची हालचाल होते. पाण्याने भिंत बाहेर झुकते ती वेगळीच. या हालचालीपुढे वरून लावलेला सिलिकॉनचा थर कडेपासून सुटू लागतो आणि पाणी त्याच्या मागून वाट काढते.

ॲक्रिलिकचा खरा सांधा हे एक प्रकारचे वेल्डिंग असते. साइनबोर्डवाले कारागीर ज्याला एमडीसी म्हणतात ते मिथिलीन डायक्लोराइड, किंवा क्लोरोफॉर्म, दोन्ही कडांच्या पृष्ठभागाचा अतिशय पातळ थर विरघळवते. दोन्ही बाजूंच्या लांब रेणूसाखळ्या एकमेकींत मिसळतात, द्रावक उडून जाते आणि मागे एकजीव प्लास्टिक उरते. हे द्रावक म्हणजे गोंद नव्हे, त्यामुळे ते फट भरत नाही. कागदाच्या जाडीएवढी, म्हणजे साधारण ०.१ मि.मी.ची फटसुद्धा या पाण्यासारख्या पातळ द्रावकाच्या दृष्टीने मोठी आहे.

सिलिकॉनचा आणखी एक तोटा फारसा लक्षात घेतला जात नाही. एकदा ते सांध्याच्या फटीत शिरले की तिथे पुढे द्रावकाने वेल्डिंग होणे जवळजवळ अशक्य होते, कारण डोळ्यांना न दिसणारी त्याची साय कडांवर राहते. म्हणून पहिल्या पाझराच्या वेळी हातातली सिलिकॉनची बंदूक खाली ठेवणे हीच दुरुस्तीची पहिली पायरी समजावी.

पाझर नेमका कुठून येतो हे ठरवणे

टाकी पूर्ण रिकामी करून बाहेरून कोरडी पुसावी आणि सगळ्या सांध्यांच्या बाहेरच्या कडेने टिश्यू पेपरच्या किंवा वर्तमानपत्राच्या पट्ट्या ठेवाव्यात. ओल आधी कुठे उमटते हे डोळ्यांपेक्षा कागद अचूक सांगतो, कारण पाणी तळाच्या कडेने बरेच अंतर सरकत जाते आणि थेंब पडतो ती जागा गळतीची असेलच असे नाही. या चाचणीत मासे आणि वाळू नसल्यामुळे पाण्यात थोडा खाण्याचा रंग मिसळायला हरकत नाही. फिल्टरच्या नळीवरून ओघळणारे किंवा बुडबुडे सोडणाऱ्या हवेच्या दगडामुळे काठावरून उडणारे पाणीही गळतीसारखेच दिसते, म्हणून चाचणीच्या वेळी ही सगळी उपकरणे बाहेर काढावीत.

त्यानंतर पाणी एकदम न भरता टप्प्याटप्प्याने भरावे: आधी पाव उंची, मग अर्धी, मग पाऊण, आणि प्रत्येक टप्प्यावर काही तास थांबावे. या थांबण्यातच निदान आहे. तळाचा सांधा पाव उंचीच्या पाण्यातच ओला होऊ लागला, तर तिथे आतून बाहेरपर्यंत अखंड वाट आहे, म्हणजे सांधा जोडलाच गेलेला नाही. अर्ध्या उंचीपर्यंत कागद कोरडा राहिला आणि त्यापुढे अचानक ओला झाला, पाणी कमी करताच पुन्हा थांबला, तर वाढत्या दाबाने भिंत बाहेर झुकते आहे आणि सांधा त्या वेळी उघडतो आहे. पहिल्या प्रकारात दोष कडांमध्ये किंवा द्रावकात शोधावा. दुसऱ्या प्रकारात जाडी, वरची चौकट आणि टाकीखालचा पाया यांत शोधावा.

सांधा वाचणे

ॲक्रिलिकचे मोठे सुख हे की त्याचा सांधा पारदर्शक असतो आणि आतले सगळे दाखवतो. अंधाऱ्या खोलीत विजेरीचा झोत भिंतीतून तिरका टाकावा आणि सांध्याकडे दुसऱ्या बाजूने तिरकेच पाहावे. जिथे प्लास्टिक एकजीव झाले आहे तिथे प्रकाश आरपार जातो आणि ती जागा स्वच्छ, काहीशी गडद दिसते. जिथे हवेची फट उरली आहे तिथे प्रकाश परावर्तित होऊन चंदेरी चमक दिसते. ही चमक म्हणजे न जोडलेला भाग.

ठाण्यातील एका स्नेह्यांच्या टाकीत मागच्या डाव्या कोपऱ्यापासून अशी चंदेरी पट्टी निघाली होती. आतल्या बाजूने सांधा पूर्ण स्वच्छ, बाहेरच्या बाजूला मात्र अर्ध्या जाडीपर्यंत चमक. म्हणजे १० मि.मी. जाडीच्या भिंतीचे प्रत्यक्ष वेल्डिंग निम्म्याच रुंदीत झालेले. त्याच ॲक्रिलिकच्या पत्र्याचा (शीटचा) एक उरलेला तुकडा त्यांनी ठेवला होता. त्याच्या कडेला सुताराचा गुण्या लावून उजेडाकडे धरला तेव्हा गुण्या आणि कड यांच्यामध्ये वर बारीक आणि खाली जाड अशी प्रकाशाची पाचर दिसली. पत्रा लेझरवर कापून आणलेला होता. जाड पत्र्यात लेझरची कड किंचित तिरपी येते. दिसायला ती आरशासारखी गुळगुळीत असते, त्यामुळे कोणालाही ती उत्तमच वाटते.

बुडबुड्यांबाबत घाई करू नये. सुटे, गोल, एकमेकांपासून दूर असलेले बुडबुडे दिसायला वाईट दिसतात, पण त्यांनी गळती होत नाही. लांबट बुडबुडे एकमेकांना चिकटून आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत माळ बनवत असतील, तर तीच पाण्याची वाट. सांधा सगळीकडे दुधी, धुक्यासारखा दिसत असेल तर जोडताना दमट हवेतली आर्द्रता आत अडकलेली आहे. आणि सांध्याच्या कडेपासून काटकोनात पत्र्याच्या आत शिरणाऱ्या, तिरक्या उजेडात चमकणाऱ्या बारीक रेषा दिसल्या, तर ते ताणाचे तडे आहेत. वरच्या सगळ्या लक्षणांत हे सर्वांत गंभीर, कारण इथे सांधा नव्हे, पत्राच हार मानतो आहे.

कडा: सर्वांत जास्त दोष इथेच

माझ्या मते घरच्या टाक्यांची बहुसंख्य गळती कापण्याच्या दिवशीच ठरलेली असते. लेझरच्या कडेला तिरपेपणाशिवाय दुसराही दोष असतो: उष्णतेने वितळून गोठलेल्या त्या कडेत अंतर्गत ताण साठलेला असतो, आणि अशा ताणलेल्या ॲक्रिलिकवर द्रावक पडताच तडे जातात. ज्योतीने चमकवलेल्या कडेचेही तेच. दुकानदार कौतुकाने कड चमकवून देतो, पण जोडायच्या कडेला ज्योत कधीही लावू देऊ नये. पॉलिश पेपरने हाताने घासलेली कड सपाट वाटते, प्रत्यक्षात ती दोन्ही बाजूंना किंचित गोलाई घेते आणि सांधा फक्त मधल्या रेघेवर टेकतो.

जोडण्यासाठी योग्य कड म्हणजे कार्बाइडच्या सरळ पात्याने, राउटरला (वेगाने फिरणाऱ्या पात्याने कड ताशणाऱ्या सुतारी यंत्राला) सरळ पट्टीचा आधार देऊन, शेवटच्या फेरीत अगदी थोडे ताशीत काढलेली कड. ती चकचकीत नसते, मंद असते. तिच्यावर पात्याच्या उड्यांच्या लाटा नसल्या म्हणजे पुरे. राउटर नसेल तर फर्निचर करणाऱ्या सुताराकडून हे काम करून घ्यावे, त्याच्याकडे तो बहुधा असतोच. भिंत तळाच्या पत्र्यावर कोरडीच उभी करून सांध्यात वहीच्या कागदाचा कपटा सरकवून पाहावा. कुठेही कपटा आत गेला तर कड पुन्हा ताशावी. द्रावक टाकल्यावर जमेल, वजन ठेवल्यावर बसेल, या आशेवर पुढे जाऊ नये.

पत्रा विकत घेतानाच तो कास्ट (साच्यात ओतून बनवलेला) आहे की एक्स्ट्रूडेड हे विचारावे. एक्स्ट्रूडेड पत्रा यंत्राच्या फटीतून ढकलून बनवलेला असतो. त्याची जाडी एकसारखी असते आणि किंमत कमी, पण त्याच्यात ताण अधिक असतो आणि द्रावकाने तो लवकर तडकतो. टाकीसाठी कास्ट पत्राच घ्यावा. त्याची जाडी मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बदलू शकते, म्हणून कापण्यापूर्वी व्हर्नियर कॅलिपरने चारही कडांवर मापे घ्यावीत आणि एकमेकांसमोरच्या भिंती शक्यतो एकाच पत्र्यातून काढाव्यात. कापलेल्या कडेत ताण आहे का हे पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याच पद्धतीने कापलेल्या तुकड्याच्या कडेवर द्रावक लावून तासाभराने उजेडात निरखणे. तुकडा तडकला तर टाकीही तडकेल. मोठे कारखाने असा ताण काढण्यासाठी पत्रा सुमारे ८० अंश सेल्सिअसवर जाडीनुसार काही तास तापवून अगदी हळूहळू थंड करतात. घरच्या ओव्हनमध्ये एवढे मोठे तुकडे मावत नाहीत, त्यामुळे ताण निर्माणच न होऊ देणे हा आपल्यासाठी व्यवहार्य मार्ग आहे.

द्रावक, सुया आणि हवामान

कडा चांगल्या असूनही सांधा कोरडा राहिला असेल तर द्रावक पुरेसे आत पोहोचलेले नसते किंवा मऊ होण्याआधीच कडा एकमेकींवर दाबल्या गेलेल्या असतात. यावर जुन्या कारागिरांची सुयांची पद्धत खात्रीची आहे. तळाचा पत्रा आडवा ठेवून त्यावर भिंत उभी करावी, आणि दोहोंमध्ये दर काही सेंटिमीटरवर सुमारे पाव मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारेचे तुकडे ठेवावेत. गिटारची सर्वांत बारीक तार जवळजवळ याच मापाची असते. सिरिंजला बोथट सुई लावून द्रावक आतल्या कडेने सलग सोडावे. ते केशाकर्षणाने सगळ्या फटीत पसरते आणि पसरताना दिसते. अर्धा ते एक मिनिट थांबून, कडा मऊ झाल्या की तारा एका टोकाकडून क्रमाने ओढून काढाव्यात. भिंत आपल्या वजनाने मऊ झालेल्या थरात बसते आणि हवा बाहेर ढकलली जाते. वर एकसारखे, हलकेच वजन ठेवावे. क्लॅम्प आवळण्याचा मोह टाळावा, कारण जास्त दाबाने मऊ झालेले प्लास्टिकच बाहेर पिळून निघते आणि आतला सांधा कोरडा पडतो.

तळाचा पत्रा भिंतींपेक्षा चोहोबाजूंनी एक-दोन मिलिमीटर मोठा ठेवावा. द्रावक बाहेर ओघळून वाया जात नाही, आणि वाढलेला भाग नंतर राउटरने समतल करता येतो.

या सगळ्यावर हवामानाचा मोठा परिणाम होतो आणि आपल्याकडे तो फार दुर्लक्षित राहतो. मिथिलीन डायक्लोराइड सुमारे ४० अंश सेल्सिअसला उकळते. नागपूर, चंद्रपूर, अकोला इथे मे महिन्यात दुपारचे तापमान त्याच्याही वर जाते. अशा वेळी सिरिंजमधून निघालेले द्रावक सांध्याच्या टोकाला पोहोचण्याआधीच उडून जाते आणि सांध्याचा दूरचा भाग कोरडा राहतो. कोकणात आणि मुंबईत जुलैमध्ये उलटी अडचण येते. द्रावक उडताना कडा गार पडतात, हवेतली आर्द्रता त्यांच्यावर जमते आणि सांधा दुधी होतो. द्रावकात थोडे ग्लेशियल ॲसेटिक आम्ल मिसळून त्याचा उडण्याचा वेग कमी करणारे कारागीर आहेत, आणि त्याने दुधीपणाही कमी होतो, पण प्रमाण चुकले तर सांधा वाळायला फार वेळ लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, सकाळचे धुके आणि दव विरल्यावर, सावलीत हे काम करणे हा मला सर्वांत शहाणपणाचा मार्ग वाटतो.

पावसाळ्यात वातानुकूलित खोली बंद करून जोडकाम करण्याचा सल्ला दिला जातो. आर्द्रतेच्या दृष्टीने तो बरोबर असला तरी जिवाच्या दृष्टीने धोक्याचा आहे. मिथिलीन डायक्लोराइडची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बंद खोलीत खाली साठते. शरीरात गेल्यावर त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अमेरिकेत २०२४ साली या द्रावकाचे घरगुती उपयोग बंद करण्यात आले. क्लोरोफॉर्म त्याहून सुरक्षित आहे असे मुळीच नाही. हवा आणि उजेडात ते विघटित होऊन फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो, म्हणून ते गडद बाटलीतच ठेवतात. कापडी मास्क या वाफा अडवत नाही आणि पातळ नायट्राइल हातमोज्यांतून मिथिलीन डायक्लोराइड काही मिनिटांतच पार होते. खिडक्या उघड्या, बाहेर हवा फेकणारा पंखा चालू, मुले व पाळीव प्राणी दूर, आणि हातमोज्यावर द्रावक सांडल्यास तो तत्काळ बदलणे, एवढे पाळता येत नसेल तर जोडकाम एखाद्या कारागिराकडे द्यावे.

भिंत झुकत असेल तर

आता दुसऱ्या प्रकाराकडे वळू, जिथे पाणी ठरावीक उंचीच्या वर गेले की पाझर सुरू होतो. पाण्याचा दाब केवळ खोलीवर अवलंबून असतो. टाकी किती रुंद आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. ९० सें.मी. लांब, ४५ सें.मी. रुंद आणि ४५ सें.मी. उंच टाकीत काठोकाठ सुमारे १८२ लिटर पाणी मावते, आणि समोरच्या लांब भिंतीवर पाणी एकूण सुमारे ९१ किलो वजनाइतका रेटा देते. हा रेटा तळाकडे एकवटलेला असतो. ॲक्रिलिकचा ताठपणा काचेच्या वीसाव्या भागाइतकाही नसल्यामुळे भिंत बाहेर झुकते आणि तळाच्या सांध्याची आतली कड उघडू पाहते.

ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो हे इथे ध्यानात ठेवावे: ६ मि.मी.ऐवजी १० मि.मी. पत्रा घेतला तर भिंत सुमारे साडेचारपट ताठ होते. ३० सें.मी. उंचीपर्यंत ६ मि.मी., ४५ सें.मी.ला १० मि.मी. आणि ६० सें.मी.ला १२ मि.मी. हे मी किमान मानतो, आणि तेही वर चौकट असेल तरच. ही चौकट एकाच पत्र्यातून, मध्ये तोंड कापून काढलेली असावी. त्या तोंडाचे कोपरे गोलाकार ठेवावेत, कारण काटकोनी कोपऱ्यात ताण एकवटतो आणि तिथून तडा सुरू होतो. केवळ मधोमध एक आडवी पट्टी चिकटवलेल्या टाक्यांत पट्टीच्या दोन्ही टोकांचे सांधे आधी सुटतात आणि मग तळाची पाळी येते, असा क्रम नेहमी दिसतो.

झुकाव मोजण्यासाठी भिंतीच्या बाहेरच्या दोन्ही टोकांना समान जाडीचे ठोकळे धरून त्यांच्यावरून दोरा ताणावा आणि मधोमध दोरा ते भिंत हे अंतर मोजावे. ठोकळ्याच्या जाडीतून हे अंतर वजा केले की फुगवटा मिळतो. पाणी भरल्यावर तासाभराने आणि मग आठवड्याने हे माप घ्यावे. ॲक्रिलिक सततच्या भाराखाली हळूहळू वाकत राहते, त्यामुळे पहिल्या तासाचे माप पुरेसे नाही. फुगवटा पत्र्याच्या जाडीच्या निम्म्यापर्यंत पोहोचत असेल, तर मी त्या टाकीच्या सांध्याला हात न लावता आधी चौकट बसवीन.

पायाचे प्रकरण छोटे आहे, पण कित्येकदा सगळा दोष तिथेच सापडतो. काचेच्या टाकीचे लोखंडी स्टँड, ज्यावर टाकी केवळ चारही कडांवर टेकते, ते ॲक्रिलिकला चालत नाहीत. तळाला संपूर्ण आधार हवा, म्हणजे निदान १८ मि.मी.चे सपाट प्लायवुड. पातळी तपासण्यासाठी गवंड्याची पाण्याची नळी उत्तम. प्लायवुडखाली अडकलेला एखादा स्क्रूचा माथासुद्धा तळाचा सांधा एका जागी उचलून धरतो.

आणखी एक जागा: टाकीला खाली पाइप काढण्यासाठी छिद्र पाडले असेल आणि पाझर त्याच्या आसपास असेल, तर सांध्याचा दोष नसून बहुधा नटबोल्टसारखा तो फिटिंगचा भाग फार आवळला गेलेला असतो. रबरी वायसर आतल्या, पाण्याच्या बाजूला असावा आणि नट हातानेच घट्ट करावा. पाना लावला की छिद्राच्या कडेपासून तडा निघतो.

दुरुस्ती

टाकी रिकामी केल्यावर सांधा पूर्ण वाळू द्यावा, आणि त्याला कित्येक दिवस लागतात. ओल्या फटीत द्रावक सोडले तर ते आत शिरत नाही, सांधा पांढरा पडतो आणि पुढच्या प्रयत्नाची संधीही जाते. वाळवण्यासाठी सावली आणि पंखा पुरेसा. हीट गन किंवा उन्हात ठेवणे टाळावे. ॲक्रिलिक पाणी शोषते आणि एकदम कोरडे पडू लागले की पृष्ठभाग आकसून ताण निर्माण होतो. बर्लिनमधील ॲक्वाडोम ही सुमारे दहा लाख लिटर पाण्याची ॲक्रिलिकची दंडगोल टाकी १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे फुटली. तज्ज्ञांच्या अहवालात एकच निश्चित कारण सिद्ध झाले नाही, पण विचारात घेतलेल्या शक्यतांमध्ये चिकटवलेल्या सांध्याचे सुटणे आणि नूतनीकरणाच्या काळात टाकी रिकामी असताना ॲक्रिलिकचे कोरडे पडणे या दोन्ही होत्या. घरच्या टाकीचे प्रमाण वेगळे असले तरी पदार्थ तोच आहे.

पूर्वी लावलेले सिलिकॉन धारदार प्लास्टिकच्या पट्टीने संपूर्ण खरवडावे. स्पिरिट, थिनर, ॲसिटोन किंवा अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव वापरू नये. त्यांनी ताणलेल्या सांध्याशेजारी तडे जातात. साबणाचे कोमट पाणी, स्वच्छ पाणी आणि मऊ सुती फडके, एवढेच वापरावे.

चंदेरी पट्टी लहान असेल आणि तिच्यात सिलिकॉन शिरलेले नसेल, तर टाकी अशी कलती करावी की तो सांधा आडवा राहील, आणि सिरिंजने बाहेरून थोडे द्रावक सोडून पाहावे. चमक जाऊन जागा स्वच्छ झाली तर वेल्डिंग झाले. तशी न झाल्यास पुन्हा पुन्हा द्रावक ओतत राहू नये. जास्तीचे द्रावक शेजारचा चांगला भागही सैल करते. अशा वेळी आतल्या बाजूने सांध्याच्या पूर्ण लांबीभर ॲक्रिलिकची त्रिकोणी किंवा चौकोनी पट्टी वेल्ड करावी. पट्टीचे दोन्ही पृष्ठभाग तळाला आणि भिंतीला नीट टेकले पाहिजेत, तिच्या टोकांना फट राहता कामा नये, आणि पट्टी फक्त गळणाऱ्या चार इंचांपुरती न लावता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लावावी, नाहीतर पाणी तिच्या टोकाशी नवी वाट शोधते. द्रावकात ॲक्रिलिकचा चुरा विरघळवून केलेले घट्ट मिश्रण फटीत भरण्याची पद्धत प्रचलित आहे. वाळताना ते आकसते आणि त्यात बुडबुडे राहतात, त्यामुळे मी ते फक्त पट्टीच्या कडेने शेवटचा हात म्हणून वापरतो. खरोखरच मोठी फट असेल तर दोन भाग मिसळून घट्ट होणारे ॲक्रिलिकचेच सिमेंट घ्यावे. ते फट भरते, कारण त्याचे स्वतःचे प्लास्टिक बनते. महाग असते आणि उघडल्यावर फार दिवस टिकत नाही, म्हणून सगळी तयारी झाल्यावरच आणावे.

दुधी सांधा गळत नसेल तर त्याला हात लावू नये. गळत असेल तर त्याच्या आतही पट्टीच लावावी.

ताणाचे तडे मात्र दुरुस्त होत नाहीत. ते कडेपासून दोन-तीन सेंटिमीटरच्या आतच असतील तर मी एकच मार्ग सुचवतो: तो भाग कापून काढावा, टाकी कमी उंचीची करावी आणि नवा तळ जोडावा. उंची ४५ सें.मी.वरून ३६ सें.मी.वर आणली की भिंतीवरचा एकूण रेटा ६४ टक्क्यांवर येतो, त्यामुळे तोच पत्रा आता पुरेसा जाड ठरतो. तडे भिंतीच्या मधल्या भागात पोहोचले असतील तर त्या टाकीत पुन्हा पाणी भरू नये.

दुरुस्तीनंतर निदान दोन दिवस, शक्यतो पूर्ण आठवडा, टाकी कोरडीच ठेवावी. सांधा काही मिनिटांत घट्ट वाटला तरी आत अडकलेले द्रावक हळूहळू उडते आणि ताकद त्यानुसार वाढते. मग पुन्हा कागदाच्या पट्ट्या आणि टप्प्याटप्प्याने पाणी. ही चाचणी घरात न करता न्हाणीघरात किंवा गॅलरीत, पण सपाट प्लायवुडवरच करावी, आणि पूर्ण भरलेली टाकी आठवडाभर तशीच ठेवून दोऱ्याने फुगवटा दोनदा मोजावा. कागद कोरडा आणि दुसरे माप पहिल्याहून फारसे वाढलेले नसेल, तर चाचणीचे पाणी काढून द्रावकाचा उरलेला अंश जावा म्हणून टाकी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने भरून रिकामी करावी, आणि त्यानंतरच वाळू, फिल्टर व मासे आत सोडावेत.